अगाथाची दिव्यदृष्टी

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी ईरी शहराच्या न्यायालयातल्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीभर ओघळ झाले होते, ओल्या कोटांचा कुबट वास सुटला होता, आणि तरीही कोणी मागे सरकायला तयार नव्हतं. बावीस कुटुंबं आली होती. दोन्ही बाजूंचे वकील होते, कारकून होते, खालच्या मजल्यावर अर्ज घेणारी बाईसुद्धा खिडकी बंद करून दाराशी येऊन उभी राहिली होती. सगळ्यांना अगाथाला बघायचं होतं.

अगाथा म्हणजे कोणी बाई नव्हे. तो संगणकातला एक प्रोग्रॅम. तो बनवणारे डॉ. लँडन फिस्क त्याला ‘ती’ म्हणत, म्हणून तासाभरात आम्ही सगळेच ‘ती’ म्हणायला लागलो होतो. माणसाला देव्हारा दिसला की चपला आपोआप निघतात, तसं.

आमच्याकडे दावा लागला की आपल्या ताब्यातले कामाचे सगळे कागद समोरच्या पक्षाला द्यावे लागतात. पूर्वी ते दोन-चार खोक्यांत मावायचे. आता कागद म्हणजे कंपनीतल्या लोकांनी एकमेकांना पाठवलेले ईमेल. या बावीस कुटुंबांनी जिच्यावर दावा लावला होता, त्या वाफाऱ्याची यंत्रं बनवणाऱ्या लार्कमिअर कंपनीकडे ते अकरा लाख निघाले. माणसांनी वाचायचे तर वर्षं जातील. म्हणून अगाथा. कंपनीच्या वकिलानं अठराशे कागद स्वतः वाचून प्रत्येकावर ‘कामाचा’ किंवा ‘बिनकामाचा’ अशी खूण करायची, त्यावरून अगाथानं शिकायचं आणि उरलेला ढीग तिनंच निवडायचा.

“अगाथा थकत नाही,” डॉ. फिस्क सांगत होते. राखाडी सूट, पांढरे बूट, गालाला चिकटलेला चिमुकला माइक. “अगाथाचं डोकं दुखत नाही. जेवणानंतर तिला पेंग येत नाही. आणि माफ करा हं, पण अगाथाला पाळणाघरातून फोन येत नाहीत.”

सगळे हसले. माझ्या खिशातला फोन नेमका तेव्हाच थरथरत होता. पाळणाघराचाच होता. माझ्या लेकीला, मिलाला, पुन्हा ताप.

मी फोन दाबून धरला, कारण आता चमत्कार होणार होता. न्यायालयानं या कागदांच्या भांडणासाठी पंच नेमला होता, निवृत्त न्यायाधीश ऑर्टन. डॉ. फिस्कनी त्यांनाच पुढे बोलावलं.

“साहेब, एक पत्र लिहा. कंपनीतल्या माणसानं लिहिलंय असं. ते आपण अकरा लाखांच्या ढिगात टाकू. अगाथा शोधेल.”

“काय लिहू?”

“वाटेल ते लिहा. तिला चकवून दाखवा. फक्त हा कोरा नमुना घ्या, म्हणजे तुमचं पत्र बाकीच्यांसारखंच दिसेल. नाहीतर लोक म्हणतील, वेगळं दिसलं म्हणून सापडलं.”

लोकांनी माना डोलावल्या. केवढा प्रामाणिक माणूस. ऑर्टन साहेबांनी दोन बोटांनी टकटक करत लिहिलं: ‘झाकणाची खिट्टी कच्ची आहे. एखादं मूल भाजेल. विक्री थांबवावी असं माझं मत आहे.’ पत्र ढिगात गेलं. डॉ. फिस्कनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. खोलीत हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

चार मिनिटांनी भिंतीवर यादी उमटली. अकरा लाखांत साहेबांचं पत्र वरून तिसरं. शेजारी आकडा: शंभरपैकी सत्त्याण्णव.

मागे कोणीतरी “देवा रे” म्हणालं. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. चाळीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेले ऑर्टन साहेब पोरासारखे हसत होते. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत कंपनीचे वकील क्रॉसवेल उठले. तरतरीत माणूस, आवाजात मध.

“याच अगाथानं अकरा लाख कागद चाळले. कामाचे निघाले दोन हजार एकशे चाळीस. सगळे आम्ही दिलेत. शंभर कामाच्या कागदांतले शहाण्णव तिला सापडतात, याची परीक्षा झालेली आहे. आणि या दोन हजारांत झाकणाच्या खिट्टीबद्दल एकाही माणसाची तक्रार नाही. याचा अर्थ तक्रार नव्हतीच. कंपनीला काही ठाऊक नव्हतं.”

ऑर्टन साहेब म्हणाले, कोणाला हरकत असेल तर दहा दिवसांत कारणासकट मांडावी. नाहीतर शोध पुरा झाला असं ते लिहून देतील.

माझ्या शेजारी लीअॅन प्रॉक्टर बसली होती. बावीसांतली पहिली फिर्याद तिची. तिचा वेस दीड वर्षांचा असताना पाळण्याशेजारचं वाफाऱ्याचं यंत्र कलंडलं, झाकण सुटलं आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर सांडलं. आता तो चार वर्षांचा आहे. हात वाढतो, पण भाजलेली चामडी वाढत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी ती कापून सैल करावी लागते. वेस वीस वर्षांचा होईपर्यंत हे चालणार. खिट्टी तुटते हे कंपनीला माहीत होतं, एवढं दाखवता आलं तर त्या शस्त्रक्रिया कंपनीच्या अंगावर पडणार होत्या. नाहीतर लीअॅनच्या.

कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती.

“रेनाटा, खरं सांग,” ती मला म्हणाली. “त्या यंत्राला सापडलं नाही म्हणजे नसेलच ना?”

“असं कसं म्हणतेस?”

“अगं, साहेबांचं पत्र तिनं चार मिनिटांत काढलं. असतं तर हेही काढलं असतं.” मग खाली बघत म्हणाली, “कदाचित झाकण मीच नीट लावलं नसेल. त्या दिवशी मी दमले होते. आठवत नाही गं मला.”

अडीच वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कंपनीचे वकील ते तिच्या तोंडी घालायला दोन दिवस झटले होते, तेव्हाही ती बधली नव्हती. अगाथानं ते चार मिनिटांत काढून घेतलं.

मी या कुटुंबांच्या वकील ड्वायर बाईंच्या कचेरीत काम करते. कचेरी म्हणजे बाई, मी आणि एक कॉफीचं यंत्र. बाई बासष्ट वर्षांच्या, दाव्यात मुरलेल्या. गाडीत मी त्यांना म्हटलं, “मला हे पटत नाही.”

“मलाही नाही. पण ‘पटत नाही’ हे कारण होत नाही, बाळ. दहा दिवसांत कारण दे मला.”

“ते अठराशे कागद आपल्याला दिलेत ना? ज्यांच्यावरून अगाथा शिकली ते?”

“दिलेत. करारच तसा आहे. पण त्यात काय बघणार? सगळे निरुपद्रवी आहेत. मी चाळलेत.”

“मी वाचते.”

“घरी नेणार असशील तर सही करून ने. आणि त्यावर दूध सांडू देऊ नकोस.”

पाळणाघराचा नियम असा, की ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय मूल आणायचं नाही. नियम चांगला आहे. फक्त ज्यांनी तो केला त्यांना कचेरी नसावी. मिलाचा ताप सकाळी उतरे, दुपारी चढे आणि माझे चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. कान दुखत होता, नाक चोंदलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, खोलीत जरा वाफ ठेवा. आमच्याकडे वाफाऱ्याचं यंत्र आहे, लार्कमिअरचंच. मिला पोटात असताना भेट आलेलं. ते मी खोक्यात घालून, खोक्याला चिकटपट्टी लावून, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवलंय आणि तरी दिवसातून दोनदा ते तिथेच आहे ना हे बघते. मग मी न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून, मिलाला मांडीवर घेऊन वाफेत बसायची. कागद बाहेर, मी आत. दहा दिवसांतले तीन असेच गेले.

चौथ्या दिवशी दुपारी मी दिवाणखान्यात फरशीवरच बैठक मारली. डावीकडे ‘कामाचे’, उजवीकडे ‘बिनकामाचे’. कामाच्या ढिगात मुख्य अभियंत्याची पत्रं: सुरक्षा बैठक कधी आहे, चाचणीचा तक्ता जोडला आहे, झाकणाचा रंग बदलावा का. बिनकामाच्या ढिगात कारखान्यातली बडबड: माझी शनिवारची पाळी कोण घेतंय, फ्रिजमधला माझा डबा कोणी खाल्ला, फुटबॉलची पैज कोण हरलं. ड्वायर बाई बरोबर होत्या, सगळं निरुपद्रवी. मी वाचत होते, वैतागत होते, मिलाच्या कपाळाला हात लावत होते.

स्वयंपाकघरात औषध मोजायला मी दोन मिनिटं उठले. परत आले तर दोन्ही ढीग एक झालेले आणि मध्ये मिला.

मी ओरडले नाही, याचा मला अजून अभिमान आहे. सगळे कागद परत जुळवायचे म्हणजे पाठच्या खुणा बघत तासभर जाणार होता. पण मिला मोठ्या गांभीर्यानं काहीतरी करत होती. एक कागद उचलायचा, तळाशी बोट ठेवायचं, “पान” म्हणायचं आणि एका बाजूला ठेवायचा. दुसरा उचलायचा, “नाही पान” म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला.

“कुठे आहे पान, सोन्या?”

तिनं दाखवलं. मेपलचं एक चिमुकलं पान, नखाएवढं. कागदाच्या अगदी तळाशी. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘छापण्याआधी झाडांचा विचार करा.’ ईमेलच्या शेवटी आपोआप येणारी, जी कोणीही कधीही वाचत नाही अशी ओळ. मी त्या दुपारी शेकडो वेळा तिच्यावरून नजर फिरवली होती आणि मला ती दिसली नव्हती. मिलाला वाचता येत नाही, म्हणून तिला दिसली.

मी तिला थांबवलं नाही. कंटाळेपर्यंत तिनं पंच्याहत्तर कागद लावले. मग मी एकेक उलटा करून पाठची खूण बघितली. तिच्या ‘पान’ ढिगातले जवळजवळ सगळे वकिलांनी ‘कामाचे’ ठरवलेले. ‘नाही पान’ ढिगातले जवळजवळ सगळे ‘बिनकामाचे’. पंच्याहत्तरांत एकाहत्तर बरोबर. खिट्टी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, दावा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. नाकातून शेंबूड गळत होता. आणि आकडा जवळपास अगाथाइतकाच.

मी ड्वायर बाईंना फोन लावला.

“बाई, मिलानं पंच्याहत्तर कागद निवडले. एकाहत्तर बरोबर.”

“तिला वाचता येतं?”

“तिला अजून स्वतःच्या बुटांतला डावा-उजवा कळत नाही.”

“रेनाटा, ताप तिला आहे ना? तुला नाही ना?”

मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “अडीच वर्षांची साक्षीदार मी उभी करू शकत नाही. मोजून आण.”

मोजलं. सगळे अठराशे. कामाच्या नऊशेंपैकी आठशे एकसष्ट कागदांवर पान. बिनकामाच्या नऊशेंपैकी बारांवर. आणि बिनकामाचे बहुतेक एकाच पत्त्यावरून आलेले, ‘फ्लोअर टू’. शेवटी नावाऐवजी दोन-दोन आद्याक्षरं.

हे बघून मला माझे वडील आठवले. ते एकतीस वर्षं प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्यावर होते. आमच्या गावात निम्म्या घरांतून असं कोणीतरी असतंच. कारखान्यात प्रत्येकाला संगणक नसतो. हजेरीच्या घड्याळाजवळ एक जुना डबडा संगणक असतो, सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. पाळी संपली की लोक रांगेत उभे राहतात आणि जाता जाता दोन ओळी टाकतात: साचा गार पडतोय, माल ठिसूळ येतोय, माझा डबा कोणी खाल्ला. तक्रार आणि डबा एकाच रांगेत, एकाच पत्त्यावरून. झाडांचा विचार करा ही ओळ कंपनीनं मुख्य कार्यालयातल्या नव्या संगणकांवर घातली होती. घड्याळाजवळच्या डबड्यावर कोण घालणार?

क्रॉसवेलनी काय केलं ते आता उघड होतं. कामाचे नमुने हवेत, म्हणून मुख्य अभियंत्याच्या ईमेलच्या पेटीतून मूठभर घेतले. बिनकामाचे हवेत, म्हणून कारखान्याच्या पेटीतून मूठभर. सोयीचं होतं. अगाथा त्यावरून शिकली. खिट्टी, झाकण, भाजणं हे ती शिकलीच नाही असं नाही, पण सर्वांत सोपं होतं ते सर्वांत पक्कं शिकली: तळाशी झाडांची ओळ आहे का? आहे, तर कामाचा. नाही, तर फेक.

उरली शहाण्णवची परीक्षा. ती घ्यायला बाजूला ठेवलेले कागद त्याच दोन मुठींतले होते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण सगळी शितं वरच्या थरातली उचलली, तर तळाशी करपलेलं कसं कळणार?

नवव्या दिवशी खोली पुन्हा भरली. मिलाचे चोवीस तास त्या सकाळी पुरे झाले होते. मी तिला पाळणाघरात सोडलं आणि दारातून तीनदा मागे वळून बघितलं.

“डॉक्टर,” ड्वायर बाई गोड आवाजात म्हणाल्या, “आमचे पक्षकार अजून त्या दिवशीच्या प्रयोगानं भारावलेले आहेत. पुन्हा दाखवाल का? फक्त या वेळी कागद आम्ही देऊ.”

क्रॉसवेल अर्धे उठले. “याची काय गरज आहे?”

“असू दे, असू दे,” डॉ. फिस्क म्हणाले. माइक गालाला लावून झालासुद्धा होता. “अगाथाला कोणाची भीती नाही.”

पहिला कागद मी लिहिला होता. माझ्या आत्याच्या, पेपरोनी हे मसालेदार सॉसेज भरलेल्या पिठाच्या गोळ्यांची कृती. पीठ दोनदा फुगू द्या, कडा दाबून बंद करा, सोनेरी होईपर्यंत भाजा. आणि तळाशी ती ओळ: छापण्याआधी झाडांचा विचार करा.

कृती ढिगात गेली. चार मिनिटं. यादी उमटली आणि डॉ. फिस्क मागे वळून न बघताच म्हणाले, “बघा, सापडलं की नाही?”

“सापडलं,” ड्वायर बाई म्हणाल्या. “शंभरपैकी एक्याण्णव. साहेब, जरा मोठ्यानं वाचता?”

ऑर्टन साहेबांनी चष्मा चढवला. “‘पीठ दोनदा फुगू द्या...’” ते थांबले. “डॉक्टर, हे खाण्याचं काहीतरी आहे.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

डॉ. फिस्कनी यादीकडे बघितलं. क्षणभरच. “हे बघा, अगाथा आपल्यासारखं वरवर वाचत नाही. खोल जाते. इथे ‘भाजा’ आहे, ‘कडा दाबून बंद करा’ आहे. भाजण्याचा आणि झाकण बंद करण्याचा संबंध तिनं ओळखला. आपल्याला दिसत नाही ते तिला दिसतं.”

“गोळ्यात?” दाराशी उभी असलेली अर्जवाली बाई म्हणाली.

अंगात आलेल्याचा शब्द खोटा पडला की पुजारी सांगतो, तुम्हाला अर्थ कळला नाही. ते मी समोर बघत होते. फरक एवढाच, की इथे पुजाऱ्याच्या गालाला माइक होता.

“असेल बुवा,” ड्वायर बाई म्हणाल्या. “मग दुसरा कागद. साहेब, हे तुमचंच त्या दिवशीचं पत्र. अक्षर न् अक्षर तेच. झाकणाची खिट्टी कच्ची, मूल भाजेल, विक्री थांबवा. फक्त तुम्हाला दिलेल्या नमुन्यात खाली एक बारीक ओळ होती, ती आम्ही काढली आहे.”

“कुठली ओळ?” ऑर्टन साहेबांनी विचारलं.

“तुम्ही पाहिली नसेल. कोणीच पाहत नाही.”

पुन्हा चार मिनिटं. यादी उमटली. पहिल्या कागदांत साहेबांचं पत्र नव्हतं. कामाच्या दोन हजारांतही नव्हतं. डॉ. फिस्क खाली खाली सरकत गेले. शेवटी ते सापडलं ‘बिनकामाचे’ मध्ये. एकोणतीस गुण. शेजारच्या ओळीत कोणीतरी शनिवारची पाळी बदलून मागत होतं.

ड्वायर बाईंनी माझी मोजणी टेबलावर ठेवली. आठशे एकसष्ट, बारा, फ्लोअर टू. मी उठून घड्याळाजवळच्या संगणकाबद्दल सांगितलं. भीती नव्हती, राग होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला नऊ दिवस, अठराशे कागद, एक आजारी मूल आणि एक गोळ्यांची कृती लागावी?

क्रॉसवेल म्हणाले, “आम्ही हे मुद्दाम केलं असं सुचवायचंय का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मुद्दाम केलं असतंत तर यापेक्षा बरं जमलं नसतं, एवढंच.”

डॉ. फिस्क खुर्चीवर बसले होते. मला वाटतं, तो ठग नव्हता. ठगाला स्वतःची युक्ती माहीत असते, त्याचा चेहरा पडत नाही. या माणसाचा पडला. कोरा नमुना पुढे करताना त्यात झाडांच्या ओळीचा टिळा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्या अगाथावर त्याची खरोखर भक्ती होती. मला त्याचा अधिकच संताप आला. चोराला निदान पकडता येतं.

ऑर्टन साहेबांनी आदेश दिला: फ्लोअर टू या पत्त्यावरचे सगळे कागद, एकेचाळीस हजार, जसेच्या तसे आमच्या हवाली करायचे. आणि ते माणसांनी वाचायचे.

वाचले. ड्वायर बाई, मी आणि महिन्यापुरत्या घेतलेल्या दोघी. डोकं दुखलं, जेवणानंतर पेंग आली, पाळणाघरातून फोन आले. डबे, पैजा, पाळ्या, शिव्या, कोणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस. बाराव्या दिवशी दुपारी हे सापडलं:

‘खिट्टी परत तुटतेय. साचा गार आहे, माल ठिसूळ. आज खोक्यात भरताना हातात चार तुटल्या. वर तिसऱ्यांदा कळवतोय. उत्तर नाही. आणि माझ्या डब्याला हात लावणाऱ्याला मी ओळखतो. — आर. के.’

तारीख वेस भाजला त्याच्या चौदा महिने आधीची. मग पुढच्या तीन दिवसांत असे आणखी सहा निघाले.

मी लीअॅनला कचेरीत बोलावलं. तिनं कागद दोनदा वाचला. वेस टेबलाखाली बसून डाव्या हातानं गाडी फिरवत होता.

“हातात चार तुटल्या,” ती म्हणाली. “माणसाच्या हातात. नुसतं भरताना.”

“हो.”

“म्हणजे झाकण मी लावलं होतं.”

“लावलंच होतंस गं.”

ती रडली नाही. कागद घडी करून पर्समध्ये घालायला लागली. मला तिला सांगावं लागलं की ही प्रत नेता येणार नाही. तर ती तो तिसऱ्यांदा वाचत बसली.

कंपनीनं महिनाभरात तडजोड केली. वेसच्या शस्त्रक्रिया आता लीअॅनच्या माथ्यावर नाहीत. कथा इथे संपायला हरकत नव्हती.

पण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतल्या, एका शुक्रवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला गेलो. रांगेत आमची शेजारीण मिसेस व्रोबेल पुढे होती. मिलाचा गाल ओढत मला म्हणाली, “ऐकलं बाई मी. त्या लेकराचा दावा जिंकलात. ते नवीन यंत्र आलंय ना, त्यानं अकरा लाखांतून बरोब्बर तो कागद काढला म्हणे. काय एकेक निघतंय.”

“यंत्रानं नाही काढला. यंत्रानं फेकला होता. आम्ही चौघींनी वाचून काढला.”

“हो का? पण पेपरात तर यंत्राचा फोटो होता.”

मागचा माणूस म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या कचेरीतही आणतायत. शहाण्णव टक्के अचूक. मी ताट धरून उभी होते. कोबीचं सॅलड हवंय का, असं वाढणारी बाई दोनदा विचारत होती.

म्हणून हे लिहिलं. यंत्राला शिव्या द्या असं मी म्हणत नाही. एकेचाळीस हजार कागद वाचल्यावर यंत्राची गरज मला तुमच्यापेक्षा जास्त पटलेली आहे. नीट शिकवलं, नीट तपासलं, तर ते चांगलं काम करेल. पण तुमच्या मुलाच्या डॉक्टरांकडे, बँकेत, शाळेत, न्यायालयात कोणी कधी म्हणालं, की यंत्रानं सांगितलंय, म्हणजे तसंच आहे, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: त्यानं काय बघून ओळखलं? त्याला शिकवलं कोणी, कुठल्या ढिगातून? परीक्षेची शितं कुठल्या कोपऱ्यातली? उत्तर मिळालं नाही, तर टिळा पुसा आणि पुन्हा विचारा. मोठी विद्या लागत नाही त्याला. जो प्रश्न आपण मांत्रिकाला विचारायला शिकलो, तोच संगणकापुढे आपल्या तोंडून का निघू नये?

आणि यंत्राला सापडलं नाही म्हणून आपलीच चूक असेल असं कोणी म्हणायला लागलं, तर आधी त्या माणसाजवळ बसा. मग कागद वाचायला घ्या.